आर भाषेतील विदा हाताळणी व आलेखन

आर ही सांख्यिकीय गणन आणि आलेखन यांसाठी विकसित झालेली मुक्तस्रोत प्रोग्रॅमिंग भाषा आहे. विदा संचिकेतून वाचणे, तिची तपासणी व शुद्धी करणे, आवश्यक ओळी व स्तंभ निवडणे, गटवार सारांश काढणे, दोन सारण्या जोडणे आणि अखेरीस आलेख काढणे ही या भाषेत वारंवार करावी लागणारी कामे होत. यांतील बहुतेक कामे एकेका ओळीच्या आज्ञेने होतात. तथापि प्रत्येक आज्ञेमागे काही गृहीतके असतात आणि ती ठाऊक नसल्यास कोणतीही त्रुटी न दाखवता चुकीचे उत्तर मिळू शकते. प्रस्तुत लेखात ही कामे, त्यांमागील गृहीतके आणि नेहमी आढळणारे धोके यांचा परिचय दिला आहे.

या लेखात आज्ञांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टंकन करताना ती रोमन लिपीत, मोठ्या व लहान अक्षरांचा भेद पाळून लिहावी लागतात.

## पार्श्वभूमी

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ च्या सुमारास ‘एस’ ही सांख्यिकीय भाषा विकसित करण्यास सुरुवात केली. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘एस’शी मिळतीजुळती, परंतु स्वतंत्र अशी नवी भाषा रचली. दोघांच्या नावांचे आद्याक्षर तसेच ‘एस’ या नावाशी असलेले साधर्म्य यांवरून तिला ‘आर’ हे नाव मिळाले. १९९५ मध्ये ती जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली मुक्त करण्यात आली. १९९७ पासून तिच्या विकासाची जबाबदारी ‘आर कोअर’ या गटाकडे आहे. आवृत्ती १.०.० ही २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. भाषेला जोडता येणारी हजारो आज्ञासंपुटे (पॅकेजेस) ‘क्रॅन’ या जाळ्यावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

## विदेचे मूलभूत प्रकार

सदिश हा आर भाषेचा पाया आहे. एकाच प्रकारच्या मूल्यांची क्रमवार मांडणी म्हणजे सदिश. एकटी संख्यादेखील या भाषेत एका घटकाचा सदिश मानली जाते. घटकांची मोजणी शून्यापासून नव्हे, तर १ पासून सुरू होते. सदिशात संख्या व मजकूर एकत्र आल्यास सर्व मूल्यांचे मजकुरात रूपांतर होते.

दोन असमान लांबीच्या सदिशांची बेरीज केल्यास लहान सदिश पुन्हा पुन्हा वापरला जातो. उदाहरणार्थ, १ ते ६ या सदिशात (१०, २०) हा सदिश मिळवल्यास ११, २२, १३, २४, १५, २६ असे उत्तर येते. मोठ्या सदिशाची लांबी लहान सदिशाच्या लांबीच्या पटीत नसेल तरच सूचना मिळते. पटीत असल्यास चूक शांतपणे पुढे सरकते.

समान लांबीचे अनेक सदिश स्तंभ म्हणून शेजारी ठेवले की ‘डेटा फ्रेम’ तयार होते. तिच्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एक निरीक्षण आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे एक चल. स्तंभाचा उल्लेख डॉलर चिन्हाने करतात, जसे ‘एअरक्वालिटी$ओझोन’. ओळी व स्तंभ दोन्ही निवडायचे असल्यास चौकटी कंस वापरतात. कंसातील स्वल्पविरामापूर्वी ओळींची आणि त्यानंतर स्तंभांची अट लिहिली जाते.

वर्ग दर्शवणाऱ्या चलांसाठी ‘फॅक्टर’ हा प्रकार आहे. त्यात वर्गांची नावे एकदाच साठवली जातात आणि प्रत्येक नोंदीऐवजी वर्गाचा क्रमांक ठेवला जातो. त्यामुळे "१०", "२०", "५" अशी मजकूररूप मूल्ये फॅक्टरमध्ये गेली आणि त्यांवर थेट संख्येत रूपांतर करणारी आज्ञा चालवली, तर १०, २०, ५ नव्हे, तर १, २, ३ हे वर्गक्रमांक हाती येतात. फॅक्टर आधी मजकुरात व नंतर संख्येत बदलणे ही योग्य रीत होय.

## विदा वाचणे

स्वल्पविरामाने विभागलेली संचिका ‘रीड.सीएसव्ही’ या आज्ञेने वाचली जाते. वाचल्यानंतर ‘हेड’ ही आज्ञा पहिल्या सहा ओळी, ‘एसटीआर’ ही आज्ञा प्रत्येक स्तंभाचा प्रकार आणि ‘समरी’ ही आज्ञा किमान व कमाल मूल्य, चतुर्थके, मध्यक आणि सरासरी दाखवते. कोणत्याही विश्लेषणापूर्वी या तीन आज्ञा चालवण्याचा प्रघात आहे.

संख्यांच्या स्तंभात मजकुराची एकच नोंद असली तरी संपूर्ण स्तंभ मजकूर म्हणून वाचला जातो. आवृत्ती ४.०.० पूर्वी, म्हणजे एप्रिल २०२० पूर्वी, असा स्तंभ आपोआप फॅक्टर होत असे. या आवृत्तीपासून तो मजकूरच राहतो. भारतीय सारण्या वाचताना पुढील अडचणी विशेषकरून येतात:

* ‘१,२५,०००’ अशा स्वल्पविराम असलेल्या संख्या मजकूर ठरतात. ‘जीसब’ या आज्ञेने स्वल्पविराम काढून मग त्या संख्येत बदलाव्या लागतात.
* देवनागरी अंक संख्या म्हणून ओळखले जात नाहीत. रूपांतर केल्यास अनुपलब्ध मूल्य मिळते. ‘सीएचएआर-टीआर’ या आज्ञेने दहाही अंकांच्या जागी आंतरराष्ट्रीय अंक ठेवता येतात.
* शासकीय तक्त्यांत ‘निरंक’ असा शेरा आढळतो. त्याचा अर्थ शून्य घ्यायचा की माहिती उपलब्ध नाही असा घ्यायचा, हा निर्णय संगणक करू शकत नाही. तो तक्त्याचे स्वरूप पाहून अभ्यासकालाच घ्यावा लागतो, कारण त्यावर सरासरी अवलंबून असते.
* दिवस/महिना/वर्ष या क्रमाने लिहिलेल्या तारखांचे स्वरूप स्पष्ट सांगावे लागते. ‘०५/०६/२०२३’ ही तारीख स्वरूप न सांगता ‘ॲज.डेट’ आज्ञेला दिल्यास ५ जून २०२३ ऐवजी इसवी सन ५ मधील २० जून ही तारीख मिळते आणि कोणतीही सूचना येत नाही.

विंडोज प्रणालीवर मराठी मजकूर हाताळणे पूर्वी जिकिरीचे होते. एप्रिल २०२२ मधील आवृत्ती ४.२.० पासून विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांवर यूटीएफ-८ ही संकेतनपद्धती मूलतः वापरली जाऊ लागल्याने ही अडचण बरीच कमी झाली.

## अनुपलब्ध मूल्ये

न मिळालेल्या मूल्यासाठी आर भाषेत ‘एनए’ हे खास चिन्ह आहे. ते शून्य नव्हे आणि रिकामा मजकूरही नव्हे. एनएशी केलेल्या बहुतेक गणिती क्रियेचे व तुलनेचे उत्तर एनएच असते. म्हणून एखादे मूल्य अनुपलब्ध आहे काय, हे बरोबरीच्या चिन्हाने तपासता येत नाही. त्यासाठी ‘इज.एनए’ ही आज्ञा आहे.

आर भाषेसोबत येणारा ‘एअरक्वालिटी’ हा विदासंच या विषयाचे उत्तम उदाहरण आहे. त्यात मे ते सप्टेंबर १९७३ या काळातील न्यूयॉर्क शहराच्या हवेची दैनिक निरीक्षणे आहेत. १५३ ओळी आणि ओझोन, सौर प्रारण, वारा, तापमान, महिना व दिवस असे ६ स्तंभ त्यात आहेत. ओझोनचे प्रमाण अब्जांश भागांत, तर दिवसाचे कमाल तापमान फॅरनहाइट अंशांत दिले आहे. ओझोनची ३७ आणि सौर प्रारणाची ७ मूल्ये अनुपलब्ध आहेत.

ओझोनची सरासरी साध्या ‘मीन’ आज्ञेने मागितल्यास एनए हे उत्तर येते. ‘एनए.आरएम = ट्रू’ अशी सूचना जोडल्यास अनुपलब्ध मूल्ये वगळून ४२.१३ ही सरासरी मिळते. एकही मूल्य अनुपलब्ध नसलेल्या ओळीच ठेवायच्या असतील तर ‘एनए.ओमिट’ ही आज्ञा वापरतात. मात्र त्यामुळे १५३ पैकी केवळ १११ ओळी उरतात. केवळ सौर प्रारणाची नोंद नसल्यामुळे ओझोन व तापमानाची चांगली निरीक्षणेही त्यात गळून पडतात.

## ओळींची निवड

ओझोन १०० पेक्षा अधिक असलेले दिवस शोधण्यासाठी चौकटी कंसात अट लिहिल्यास ४४ ओळी मिळतात. त्यांपैकी ७ ओळीच खऱ्या असतात. उरलेल्या ३७ ओळी पूर्णपणे एनएने भरलेल्या असतात, कारण अनुपलब्ध मूल्य १०० पेक्षा अधिक आहे की नाही हे सांगता येत नाही. अशा दिवसांची संख्या केवळ ओळी मोजून काढल्यास ती सहापटीहून अधिक फुगते. ‘सबसेट’ ही आज्ञा किंवा ‘विच’ या आज्ञेत गुंडाळलेली अट वापरल्यास ७ ओळीच मिळतात.

ओळींचा क्रम लावण्यासाठी ‘ऑर्डर’ ही आज्ञा आहे. ‘सॉर्ट’ ही आज्ञा एकाच सदिशाचा क्रम लावते. तिने एखादा स्तंभ क्रमवार करून पुन्हा सारणीत ठेवल्यास त्या स्तंभातील मूल्यांचा शेजारच्या स्तंभांशी असलेला संबंध तुटतो.

## गटवार सारांश

महिना, जिल्हा, लिंग अशा गटांनुसार सरासरी किंवा बेरीज काढणे हे विदा हाताळणीतील अत्यंत नेहमीचे काम आहे. त्यासाठी ‘टॅप्लाय’ आणि ‘ॲग्रिगेट’ या आज्ञा मूळ भाषेतच आहेत. ‘डीप्लायर’ या आज्ञासंपुटात ‘ग्रुप_बाय’ व ‘समराइज’ या आज्ञांची जोडी त्याच कामासाठी वापरली जाते. एअरक्वालिटी विदासंचाचा महिनावार सारांश पुढीलप्रमाणे आहे:

| महिना | एकूण दिवस | ओझोन नोंदवलेले दिवस | ओझोनची सरासरी | तापमानाची सरासरी |
|---|---|---|---|---|
| मे | ३१ | २६ | २३.६२ | ६५.५५ |
| जून | ३० | ९ | २९.४४ | ७९.१० |
| जुलै | ३१ | २६ | ५९.१२ | ८३.९० |
| ऑगस्ट | ३१ | २६ | ५९.९६ | ८३.९७ |
| सप्टेंबर | ३० | २९ | ३१.४५ | ७६.९० |

केवळ सरासरीचे स्तंभ पाहिल्यास सप्टेंबरपेक्षा जून अधिक उष्ण असूनही जूनमध्ये ओझोन कमी होता, असा निष्कर्ष निघतो. नोंदवलेल्या दिवसांचा स्तंभ पाहिल्यावर मात्र हा निष्कर्ष डळमळतो. जूनमधील सरासरी अवघ्या ९ दिवसांवर आधारलेली आहे. २१ ते ३० जून या दहा दिवसांत ओझोनची एकही नोंद नाही. त्या महिन्यातील सर्वांत उष्ण दोन दिवस, म्हणजे ९३ अंशांचा ११ जून आणि ९२ अंशांचा १२ जून, यांचीही नोंद नाही. म्हणून गटवार सरासरीसोबत प्रत्येक गटातील उपलब्ध नोंदींची संख्या देणे आवश्यक मानले जाते.

ॲग्रिगेट आज्ञेच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तिला सूत्ररूपाने ओझोन व तापमान या दोन्ही चलांची सरासरी एकदम मागितल्यास, ज्या ओळीत ओझोन अनुपलब्ध आहे ती ओळ तापमानाच्या हिशेबातूनही वगळली जाते. परिणामी जूनचे सरासरी तापमान ७९.१० ऐवजी ७८.२२ आणि मेचे ६५.५५ ऐवजी ६६.७३ असे येते, जरी तापमानाची एकही नोंद अनुपलब्ध नसली तरी.

## सारण्या जोडणे व पुनर्रचना

दोन सारण्या समान स्तंभाच्या आधारे जोडण्यासाठी ‘मर्ज’ ही आज्ञा आहे. पूर्वनिर्धारित रीतीनुसार दोन्ही सारण्यांत आढळणाऱ्या नोंदीच उरतात आणि बाकीच्या सूचना न देता गळतात. ‘ऑल = ट्रू’ असे सांगितल्यास सर्व नोंदी राखल्या जातात व रिक्त जागी एनए भरले जाते.

जिल्ह्यांच्या नावांवरून सारण्या जोडताना हा धोका प्रत्यक्षात उद्भवतो. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत औरंगाबाद व उस्मानाबाद ही नावे आहेत, तर २०२३ मधील नामांतरानंतरच्या तक्त्यांत छत्रपती संभाजीनगर व धाराशिव ही नावे येतात. केवळ नावावर जोडणी केल्यास हे दोन्ही जिल्हे निकालातून नाहीसे होतात. उलटपक्षी औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. देशपातळीवरील दोन्ही सारण्यांत तो असल्यास महाराष्ट्राच्या ओळीला बिहारची आणि बिहारच्या ओळीला महाराष्ट्राची आकडेवारी जोडली जाऊन ओळींची संख्या वाढते. म्हणून जनगणनेतील जिल्हा क्रमांकासारखी निःसंदिग्ध ओळख वापरणे आणि जोडणीपूर्वी व जोडणीनंतर ओळींची संख्या तपासणे श्रेयस्कर ठरते.

प्रत्येक महिना वेगळ्या स्तंभात असलेली रुंद सारणी वाचनास सोयीची असली, तरी विश्लेषणास व आलेखनास लांब मांडणी सोयीची असते. तीत महिना हा एक स्तंभ आणि मूल्य हा दुसरा स्तंभ असतो. हे रूपांतर ‘रीशेप’ किंवा ‘टायडीआर’ आज्ञासंपुटातील ‘पिव्हट_लॉन्गर’ या आज्ञेने होते. प्रत्येक चलासाठी एक स्तंभ आणि प्रत्येक निरीक्षणासाठी एक ओळ या तत्त्वाचे विवेचन हॅडली विकहॅम यांनी २०१४ मधील आपल्या शोधनिबंधात केले आहे.

## आलेखन

### आलेखन का आवश्यक

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्सकोम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार विदासंच प्रसिद्ध केले. चारही संचांत एका चलाची सरासरी ९, दुसऱ्याची सुमारे ७.५, सहसंबंध गुणांक सुमारे ०.८१६ आणि समाश्रयण रेषाही जवळजवळ एकच आहे. आलेख काढल्यावर मात्र चारही संच पूर्णपणे भिन्न दिसतात. पहिला साधारणतः सरळ रेषेत आहे, दुसरा वक्र आहे, तिसऱ्यातील रेषा एका वेगळ्या पडलेल्या बिंदूने कललेली आहे, तर चौथ्यात संपूर्ण संबंध एकाच बिंदूमुळे भासतो. हे संच ‘ॲन्सकोम’ या नावाने आर भाषेत अंतर्भूत आहेत.

### मूळ आलेखन आज्ञा

‘प्लॉट’ ही सर्वांत व्यापक आज्ञा असून दिलेल्या विदेच्या प्रकारानुसार ती आलेखाचा प्रकार ठरवते. दोन संख्यात्मक चले दिल्यास विकीर्ण आलेख, तर वर्गचल व संख्यात्मक चल दिल्यास पेटी आलेख मिळतो. अन्य महत्त्वाच्या आज्ञा पुढीलप्रमाणे:

* हिस्ट: संख्यात्मक चलाचा आयतालेख काढते. वर्गांतरांची संख्या बदलल्यास आलेखाचा आकारही बदलू शकतो, म्हणून दोन-तीन वर्गांतरे करून पाहणे हितकर असते.
* बॉक्सप्लॉट: मध्यक, चतुर्थके व दूरस्थ मूल्ये दाखवते. एअरक्वालिटीतील ओझोनचा मध्यक ३१.५ व सरासरी ४२.१३ असून १३५ व १६८ ही दोन मूल्ये पेटीबाहेर दूरस्थ म्हणून उमटतात.
* बारप्लॉट: स्तंभालेख काढते. स्तंभाची उंची हेच मूल्य असल्याने त्याचा अक्ष शून्यापासून सुरू होणे आवश्यक असते.
* पाय: वृत्तालेख काढते. डोळ्यांना क्षेत्रफळांपेक्षा लांबीची तुलना अधिक अचूक जमत असल्यामुळे आर भाषेच्या साहाय्य-पृष्ठावरच या आलेखाऐवजी बिंदू आलेख किंवा स्तंभालेख वापरण्याची शिफारस आहे.

‘लाइन्स’, ‘पॉइंट्स’, ‘ॲबलाइन’ आणि ‘लेजंड’ या आज्ञांनी आधीच काढलेल्या आलेखावर रेषा, बिंदू व सूची यांची भर घालता येते. ओझोन व तापमान यांचा सहसंबंध गुणांक सुमारे ०.७० आहे. परंतु विकीर्ण आलेखावर ‘लोएस’ पद्धतीची गुळगुळीत रेषा काढल्यास हा संबंध सरळ नसून अधिक तापमानाकडे तीव्र होत जाणारा असल्याचे दिसते.

### लॅटिस व जीजीप्लॉट२

भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्ली केंद्रातील संख्याशास्त्रज्ञ व आर कोअर गटाचे सदस्य दीपायन सरकार यांनी ‘लॅटिस’ हे आज्ञासंपुट रचले. त्याद्वारे एकाच आलेखाच्या गटवार चौकटी शेजारीशेजारी मांडता येतात.

हॅडली विकहॅम यांचे ‘जीजीप्लॉट२’ हे आज्ञासंपुट २००७ पासून उपलब्ध आहे. लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ मधील ग्रंथात मांडलेल्या ‘आलेखांचे व्याकरण’ या संकल्पनेवर ते आधारलेले आहे. त्यात विदा, चलांची अक्ष-रंग-आकार यांच्याशी सांगड आणि भौमितिक थर हे स्वतंत्र घटक अधिक चिन्हाने जोडून आलेख उभारला जातो. अनुपलब्ध मूल्यांमुळे बिंदू वगळले गेल्यास ते किती, याची सूचना हे संपुट देते. मूळ ‘प्लॉट’ आज्ञा अशी सूचना देत नाही. मात्र ‘वायलिम’ने अक्षाची मर्यादा घातल्यास मर्यादेबाहेरची विदा गणनेपूर्वीच वगळली जाते आणि गुळगुळीत रेषाही बदलते. केवळ दृश्य जवळून दाखवायचे असल्यास ‘कोऑर्ड_कार्टेशियन’ ही आज्ञा वापरावी लागते.

आलेखावर मराठी शीर्षके देताना नेहमीच्या ‘पीडीएफ’ आज्ञेने देवनागरी अक्षरे नीट उमटत नाहीत. त्याऐवजी ‘कैरो_पीडीएफ’ ही आज्ञा आणि देवनागरी टंक यांचा वापर केला जातो.

### कोणती विदा आलेखावर घ्यावी

आलेखाची मांडणी कितीही नेटकी असली, तरी त्यासाठी निवडलेल्या ओळीच अपुऱ्या असतील तर तो दिशाभूल करतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर या अवकाशयानाला झालेल्या अपघातात सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे थंडीत निकामी होणे हे त्याचे कारण होते. उड्डाणापूर्वी थंडीच्या परिणामाची चर्चा झाली होती, परंतु तापमानाशी तुलना करताना कड्यांना इजा झालेलीच उड्डाणे विचारात घेतली गेली. ती ५३ ते ७५ अंश फॅरनहाइट अशा विस्तृत पट्ट्यात विखुरलेली असल्याने संबंध दिसला नाही. चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने इजा न झालेली उड्डाणेही तक्त्यात घेतली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. अग्निबाणांची तपासणी झालेल्या २३ उड्डाणांपैकी ७ उड्डाणांत इजा झाली होती आणि ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानातील चारही उड्डाणे त्यांत होती. हा विदासंच आजही सांख्यिकीच्या अभ्यासक्रमांत लॉजिस्टिक समाश्रयणाचे उदाहरण म्हणून वापरला जातो.

## पुनर्पडताळणी

आर भाषेत विदा वाचण्यापासून आलेख जतन करण्यापर्यंतच्या सर्व पायऱ्या आज्ञांच्या एका संचिकेत लिहून ठेवता येतात. मूळ विदा संचिकेत हाताने बदल न करता प्रत्येक दुरुस्ती आज्ञेद्वारे केल्यास कोणता बदल कोठे झाला हे दुसऱ्या अभ्यासकास तपासता येते. यादृच्छिक निवड असल्यास ‘सेट.सीड’ या आज्ञेने तीच निवड पुन्हा मिळवता येते, तर ‘सेशनइन्फो’ ही आज्ञा भाषेची व आज्ञासंपुटांची आवृत्ती नोंदवते. आवृत्तीनुसार पूर्वनिर्धारित वर्तन बदलत असल्याने ही नोंद निष्कर्षांसोबत जतन केली जाते.